एका कृषिआयुक्ताचा खाजगी पत्रव्यवहार

शेतकी खात्याच्या प्रमुखाचा पत्रव्यवहार म्हटला की फितीने बांधलेली, धुळीने माखलेली दप्तरे डोळ्यांसमोर येतात. बियाण्यांची मागणी, गुरांच्या साथीच्या तक्रारी, खर्चाचे तक्ते आणि 'आपले पत्र पावले' एवढ्याच अर्थाची शेकडो उत्तरे. जॉर्ज बेली लोरिंग हा १८८१ ते १८८५ या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा कृषिआयुक्त होता, आणि त्याच्याही टेबलावर अशा कागदांची रास रोज पडत असली पाहिजे. तथापि ज्या पत्रांमुळे त्याचे नाव वाङ्मयाच्या आणि राजकारणाच्या इतिहासात टिकून राहिले, त्यांत बियाण्याची गोष्ट नाही, गुरांचीही नाही. ती पत्रे त्याला आयुक्तपदापूर्वी चाळीसहून अधिक वर्षे आधी आली. तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावरचा विद्यार्थी होता आणि लिहिणारा त्याचा वर्गमित्र त्याहूनही वर्षाने लहान होता. या मित्राचे नाव जेम्स रसेल लोवेल. पुढे तो कवी, टीकाकार, हार्वर्डचा प्राध्यापक आणि लंडनमधील अमेरिकेचा वकील म्हणून ख्यातनाम झाला.

दोघांच्या बालपणात साम्य पुष्कळ होते. लोरिंगचा जन्म १८१७ चा, मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हरच्या उत्तर भागातला. त्याचे वडील तेथील युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. लोवेल १८१९ साली केंब्रिज येथे जन्मला. त्याचेही वडील त्याच पंथाचे धर्मोपदेशक. दोघेही हार्वर्ड महाविद्यालयाच्या १८३८ च्या वर्गातले. घर ग्रंथांनी भरलेले, पैसा बेताचा, आणि मुलाने काहीतरी मानाचा व्यवसाय पत्करावा ही वडिलांची अपेक्षा. धर्म, कायदा आणि वैद्यक या तीन दारांपैकी कोणत्या दारातून आत शिरावे, हा अशा घरच्या मुलापुढचा नित्याचा प्रश्न असे. लोरिंगने वैद्यकाचे दार निवडले. लोवेल मात्र एकाही दारातून धड आत जाईना, आणि त्याच्या या घालमेलीचा साक्षीदार म्हणजे लोरिंगला लिहिलेली त्याची पत्रे.

त्या काळी पत्र ही स्वस्त वस्तू नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १८४५ पर्यंत अमेरिकेत टपालाचा दर अंतरावर आणि कागदाच्या संख्येवर ठरत असे. तीस मैलांच्या आत एका कागदाला सहा सेंट, ऐंशी मैलांपर्यंत दहा सेंट, आणि चारशे मैलांपलीकडे पंचवीस सेंट. दुसरा कागद जोडला की दर दुप्पट. टपालाची तिकिटे निघाली ती १८४७ मध्ये. तोवर दाम बहुधा पत्र घेणाराच मोजीत असे. त्यामुळे मित्राच्या मनातील खळबळ वाचण्यासाठी वाचणाऱ्याने आपल्या खिशात हात घालावयाचा, अशी ती व्यवस्था होती. लिहिणारा कागदाच्या कडा, कोपरे आणि घडीच्या आतली बाजू भरून काढी, ती या हिशेबानेच. एवढे दाम देऊन घेतलेले पत्र सहसा केरात जात नसे.

या पत्रांतील सर्वांत जिवंत भाग १८३८ च्या उन्हाळ्यातला आहे. लोवेल हा वर्गाचा निवडलेला कवी होता; पदवीदानापूर्वीच्या समारंभात वर्गाच्या वतीने कविता वाचण्याचा मान त्याचा. परंतु महाविद्यालयाच्या नेमांकडे त्याने सतत केलेल्या दुर्लक्षामुळे अधिकाऱ्यांनी त्याला ऐन वेळी केंब्रिजबाहेर धाडले. कॉन्कर्ड नावाच्या गावी, बार्झिलाय फ्रॉस्ट या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली, राहिलेला अभ्यास पुरा करावयाचा आणि पदवीदानाच्या दिवसापर्यंत परतावयाचे नाही, अशी ती शिक्षा होती. ज्या समारंभासाठी कविता रचली त्या समारंभालाच कवी गैरहजर राहिला. कविता पुढे छापून निघाली, पण वाचण्याची संधी गेली ती गेलीच.

शिक्षा म्हणून ज्या गावी तरुण कवीला धाडले, त्याच गावात त्या काळच्या अमेरिकेतील सर्वांत स्वतंत्र बुद्धीचा पुरुष राहत होता. रॅल्फ वॉल्डो इमर्सन तेव्हा पस्तीस वर्षांचा होता, आणि त्याच जुलैच्या १५ तारखेला हार्वर्डच्या धर्मशास्त्र शाळेत त्याने दिलेल्या व्याख्यानाने सनातनी मंडळींत मोठी खळबळ माजविली. लोवेल त्याला भेटला, त्याच्याबरोबर फिरावयास गेला. घरी परतल्यावर मात्र तो लोरिंगला जे लिहितो त्यात भक्तिभावाचा लवलेश नाही. माणूस स्वभावाने चांगला आहे, पण त्याच्या तत्त्वज्ञानाचे काही खरे नाही, असा एकूण सूर. त्याच जुलै महिन्यातल्या दुसऱ्या एका पत्रात कॉन्कर्डच्याच आणखी एका तरुणाचा उल्लेख येतो. हा तरुण बोलण्यात, स्वरात, हातवाऱ्यांत इमर्सनची इतकी हुबेहूब नक्कल करतो की डोळे मिटून ऐकले तर कोण बोलतो आहे ते ओळखता येणार नाही, अशी त्याची थट्टा लोवेल करतो. तो तरुण म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो. पुढे ज्याच्या सविनय कायदेभंगाच्या निबंधाने महात्मा गांधींसारख्या पुरुषाचे लक्ष वेधून घेतले, त्याचे हे बहुधा पहिले शब्दचित्र. आणि ते काढले एका विनोदी विद्यार्थ्याने, दुसऱ्या विद्यार्थ्याची करमणूक व्हावी म्हणून. पुढे लोवेलने थोरोवर जी कठोर टीका केली तिचे बीज या पोरकट ओळींत आहे, हेही टीकाकारांनी दाखवून दिले आहे.

समारंभासाठी रचलेल्या त्या कवितेत लोवेलने काय लिहिले होते? त्या वेळी मॅसॅच्युसेट्समध्ये जेवढ्या म्हणून सुधारणावादी चळवळी होत्या त्या सर्वांची त्याने रेवडी उडविली होती. दारूबंदीवाले, स्त्रियांच्या हक्कांचा पुरस्कार करणारे, कार्लाइलचे भक्त, इमर्सनचे नवे तत्त्वज्ञान आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक, यांपैकी कोणीही सुटला नाही. शेवटच्या गटाची थट्टा करणे तेव्हा सोपे होते आणि सुरक्षितही होते. विल्यम लॉइड गॅरिसनने १८३१ साली बॉस्टनमध्ये 'लिबरेटर' पत्र सुरू केले. १८३५ साली त्याच बॉस्टनच्या रस्त्यांतून जमावाने त्याला दोरी बांधून ओढले. नोव्हेंबर १८३७ मध्ये इलिनॉइस राज्यातील आल्टन येथे एलायजा लव्हजॉय या संपादकाचा, त्याच्या छापखान्याचे रक्षण करीत असताना, खून झाला. प्रतिष्ठित घराण्यांना ही माणसे शांतताभंग करणारी वाटत. तेव्हा हार्वर्डच्या एका हुशार मुलाने त्यांच्यावर चार विनोदी ओळी लिहिल्या तर त्यात धाडस कोणतेच नव्हते.

परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात लोवेलने लोरिंगला लिहिलेले पत्र वाचणाऱ्याला थबकविते. आपण झपाट्याने लोकशाहीवादी बनत चाललो आहोत, असे तो तेथे कळवितो. आणि आजच्या घडीला जे राजकीय पक्ष अस्तित्वात आहेत त्यांत आपली सहानुभूती असेल तर ती फक्त गुलामगिरीच्या विरोधकांशी आहे, अशी कबुलीही देतो. कविता छापून चारसहा महिने झाले नव्हते. ज्यांची जाहीर थट्टा केली तेच बरोबर आहेत, हे मान्य करावयाला जाहीर जागा अजून त्याला सापडली नव्हती; सापडली ती मित्राच्या पत्रातली. इमर्सनला मात्र त्याने सप्टेंबरातच क्षमायाचनेचे पत्र धाडले होते.

या एका पत्राला मोठे महत्त्व आहे. लोवेलच्या चरित्रात एक समज फार दिवस रूढ होता: तो गुलामगिरीचा विरोधक बनला तो त्याची भावी पत्नी मारिया व्हाइट हिच्यामुळे. मारिया ही स्वतः कवयित्री होती, मार्गारेट फुलरच्या प्रसिद्ध संभाषणवर्गांना जाणारी होती आणि चळवळीत मनापासून पडली होती. प्रेमात पडलेला कवी तिच्या मागोमाग चळवळीत गेला, ही कथा ऐकावयास गोड आहे. पण मारियाची ओळख लोवेलला झाली ती १८३९ च्या अखेरीस. आणि हेही ज्या पत्रावरून कळते तेही लोरिंगलाच लिहिलेले आहे. मित्राच्या बहिणीशी परिचय झाला, मुलगी मोठी प्रसन्न आहे, आपल्या माहितीतल्या कोणाहीपेक्षा तिला कविता अधिक ठाऊक आहे, अशा आशयाचा तो डिसेंबरातला मजकूर. म्हणजे मतांतर एक वर्ष आधी आणि प्रेम एक वर्ष नंतर. मारियाने त्या विचारांना ऊब दिली, धैर्य दिले, यात शंका नाही. पण ठिणगी आधीच पडलेली होती. जाहीर ग्रंथांवरून चरित्रकाराला हा क्रम कळला नसता. दोन तारखांची दोन पत्रे एकाच माणसाच्या हाती राहिली म्हणून तो कळला.

मधल्या काळातील पत्रांत कायद्याचे प्रकरण आहे, आणि ते जितके करुण तितकेच गंमतीचे आहे. लोवेल ब्लॅकस्टनचा ग्रंथ तोंड वाकडे न करता वाचण्याचा प्रयत्न करीत असल्याचे कळवितो. थोड्याच दिवसांत कायदा सोडल्याचे कळवितो. एके दिवशी तो बॉस्टनला एखाद्या पेढीत नोकरी पाहावी म्हणून गेला. वाटेत सहज न्यायालयात डोकावला तर डॅनियल वेब्स्टर एका खटल्यात उभा होता. तासाभरात या तरुणाचा निश्चय फिरला, आणि आता कायदाच करावयाचा असे ठरवून तो घरी परतला. हा निश्चयही टिकला नाही. पुन्हा डळमळला, पुन्हा सावरला, आणि १८४० मध्ये त्याने कायद्याची पदवी घेतली एकदाची. वकिली मात्र त्याने नावापुरतीच केली. दर महिन्याला बदलणारे हे संकल्प वाचताना लोरिंगच्या मुद्रेवर काय भाव उमटत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. वैद्यकाचा तो विद्यार्थी आपल्या मार्गाने शांतपणे चालला होता. १८४२ मध्ये हार्वर्डची वैद्यकीय पदवी त्याच्या हाती आली.

लोवेलची पत्रे १८९३ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाली, त्यांत अर्थातच लोवेलचीच बाजू आहे. लोरिंगची उत्तरे तेथे नाहीत. त्यामुळे हा संवाद एखाद्या खोलीच्या बंद दाराबाहेर उभे राहून ऐकल्यासारखा वाटतो. एकाचा आवाज स्पष्ट येतो, दुसऱ्याचे अस्तित्व पहिल्याच्या बोलण्यावरून जाणवते. परंतु आपली चंचलता, आपले उपहास, आपले बदललेले मत आणि आपले प्रेम हे सारे माणूस कोणाजवळ उघडे करतो? जो हसेल पण हिणविणार नाही, ऐकेल पण गावभर सांगणार नाही, त्याच्याजवळ. लोरिंगच्या तरुणपणाबद्दल याहून चांगले प्रशस्तिपत्र मिळणे कठीण.

पुढे हे दोन मार्ग इतके दूर गेले की एकेकाळी ते एकाच टपालाने जोडलेले होते, हे खरे वाटू नये.

लोरिंगने थोडा काळ आपल्या गावी वैद्यक केले आणि १८४३ पासून १८५० पर्यंत बॉस्टनजवळच्या चेल्सी येथील खलाशांच्या सरकारी रुग्णालयात शल्यवैद्य म्हणून काम केले. वाङ्मयाची गोडी त्याला अजून होती. नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी १८५० मध्ये निघाली तेव्हा काही धर्मनिष्ठ टीकाकारांनी तिच्यावर अनीतीचा आरोप ठेवला; त्याच वर्षी 'मॅसॅच्युसेट्स क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्ये लोरिंगने या कादंबरीवर जे परीक्षण लिहिले ते तिच्या अतिशय बाजूचे होते. पतित ठरविलेल्या हेस्टर या नायिकेकडे त्याने सहानुभूतीने पाहिले, आणि ठपका ठेवला तो तिला शिक्षा करणाऱ्या समाजाच्या धर्मबुद्धीवर. हॉथॉर्नच्या अभ्यासकांना हे परीक्षण आजही परिचित आहे. लोवेलने ज्याला मनातले सांगितले तो माणूस रसिक होता, याचा हा एक स्वतंत्र पुरावा समजावा.

१८५१ मध्ये त्याचा विवाह सेलेम येथील पिकमन या श्रीमंत घराण्यातील मुलीशी झाला आणि तो सेलेमला राहू लागला. तेथील शेती त्याने हाती घेतली. वैद्यक मागे पडले, शेती आणि राजकारण पुढे आले. राजकारण डेमोक्रॅटिक पक्षाचे. आणि १८५३ साली त्या पक्षाचा फ्रँकलिन पियर्स अध्यक्ष झाल्यावर लोरिंगची सेलेमच्या पोस्टमास्तरपदी नेमणूक झाली. मित्राची पत्रे दाम मोजून सोडविणारा हा माणूस पाच वर्षे साऱ्या गावाची पत्रे सांभाळीत बसला. टपालाचे दाम आगाऊ भरलेच पाहिजे, हा कायदा अमलात आला १८५५ मध्ये. घेणाऱ्याने पैसे देण्याची जुनी रीत त्याच्या नजरेसमोरच संपली.

पण ती वर्षे शांततेची नव्हती. १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा लागू होता. १८५४ च्या मे महिन्यात पियर्सने कॅन्सस-नेब्रास्काच्या कायद्यावर सही केली, आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी झाली. त्याच दिवसांत अँथनी बर्न्स नावाच्या पळून आलेल्या गुलामाला बॉस्टनमध्ये पकडले आणि २ जून रोजी सैनिकांच्या पहाऱ्यात जहाजावर चढवून व्हर्जिनियाला परत धाडले. रस्त्यांवर हजारो लोक जमले होते. बर्न्सला परत धाडण्याचा निर्णय देणाऱ्या न्यायाधिकाऱ्याचे आडनावही लोरिंग होते. तो एडवर्ड लोरिंग, निराळा मनुष्य, आणि दोघांची गल्लत करणे सेलेमच्या लोरिंगवर अन्याय होईल. तरी एवढे खरे की ज्या सरकारने हे घडवून आणले त्याच सरकारच्या नोकरीत, त्याच पक्षाचा म्हणून, जॉर्ज लोरिंग होता. लोवेल तेव्हा कोठे होता? मेक्सिकोवरील युद्धाविरुद्ध १८४६ पासून त्याने न्यू इंग्लंडच्या खेडवळ बोलीत लिहिलेली 'बिग्लो पेपर्स'मधील उपहासगीते साऱ्या उत्तरेत गाजली होती. गुलामगिरीविरोधी वृत्तपत्राचा तो वर्षानुवर्षे लेखक होता. १८३८ मध्ये ज्या मित्राजवळ त्याने आपली नवी सहानुभूती प्रथम उघड केली, तोच मित्र सोळा वर्षांनी समोरच्या पक्षात होता. छापील संग्रहात चाळीसच्या दशकानंतर लोरिंगच्या नावाची पत्रे विरळ होत जातात. एखादे भांडण झाल्याची नोंद तेथे नाही. मैत्री तुटते तेव्हा बहुधा असे मोडण्याचा आवाज होत नाहीच. पत्रांमधले अंतर वाढत जाते, एवढेच.

लोरिंगला या कारणाने खलपुरुष ठरविणे मात्र चुकीचे होईल. तो जमिनीवरचा माणूस होता. ज्या व्यवस्थेत काम होईल त्या व्यवस्थेत राहावे, ही त्याची वृत्ती दिसते. यादवी युद्ध सुरू झाल्यावर तो पक्ष सोडून लिंकनच्या रिपब्लिकनांकडे वळला, आणि वळला तो अर्धवट नाही; १८६९ पासून १८७६ पर्यंत तो मॅसॅच्युसेट्समधील त्या पक्षाच्या समितीचा अध्यक्ष होता, आणि १८७३ पासून चार वर्षे राज्याच्या सिनेटचाही अध्यक्ष होता. संधिसाधूपणाचा आरोप त्याच्यावर होत राहिला, आणि तो सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही. पण त्याच काळात १८६४ मध्ये त्याच्या पुढाकाराने न्यू इंग्लंडची शेतकी संस्था स्थापन झाली. तिचा तो पुढे कित्येक वर्षे अध्यक्ष राहिला. पश्चिमेकडील सुपीक प्रांतांचे धान्य रेल्वेने येऊ लागल्यावर न्यू इंग्लंडच्या खडकाळ शेतांचे कसे व्हावे, ही तेथील शेतकऱ्यांची खरी चिंता होती. लोरिंगने या विषयावर अगणित सभांत भाषणे केली, आणि १८७६ मध्ये 'द फार्म-यार्ड क्लब ऑफ जोथम' हे गावगप्पांच्या रूपाने शेतीचे ज्ञान देणारे पुस्तकही लिहिले.

त्याच १८७६ च्या जून महिन्यात सिनसिनाटी येथे रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले. मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींत लोरिंग होता आणि लोवेलही होता. अडतीस वर्षांपूर्वी एक जण दुसऱ्याला लिहीत होता की आता मी कोणत्या पक्षाचा. आता दोघे एकाच पक्षाच्या एकाच तुकडीत बसले होते. लोवेल राजकारण शुद्ध करावे म्हणून आलेला, लोरिंग पक्षाच्या यंत्रात मुरलेला. पुढल्या वर्षी लोवेलची माद्रिदला वकील म्हणून नेमणूक झाली, लोरिंग प्रतिनिधिगृहात निवडून गेला.

कृषिआयुक्ताची जागा त्याला मिळाली जुलै १८८१ मध्ये, अध्यक्ष गारफील्डवर गोळी झाडली गेली त्याच सुमारास. हे खाते लिंकनने १८६२ मध्ये निर्माण केले होते. त्याच्या प्रमुखाला मंत्रिमंडळात स्थान नव्हते, ते १८८९ मध्ये मिळाले. लोरिंग हा पाचवा आयुक्त. त्याच्या आधीच्या ल डक या आयुक्ताने दोन स्वप्ने पाहिली होती. एक म्हणजे ज्वारीच्या जातीच्या गोड धाटांपासून साखर काढून देशाला स्वयंपूर्ण करावयाचे. दुसरे, अमेरिकेतच चहा पिकवावयाचा. त्यासाठी दक्षिण कॅरोलिनातील समरव्हिल येथे सरकारी मळा घातला होता आणि हिंदुस्थानातील चहाच्या मळ्यांचा अनुभव असलेला एक गोरा मळेवाला त्यावर नेमला होता. लोरिंगने चहाचा प्रयोग मोडीत काढला. साखरेच्या बाबतीतही त्याला अतिउत्साह मंजूर नव्हता. १८८३ मध्ये त्याने जुन्या रसायनज्ञाला दूर करून इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठाच्या हार्वे वायली याला आणले. हाच वायली पुढे भेसळीविरुद्ध वीसएक वर्षे झगडला आणि १९०६ चा शुद्ध अन्न व औषधांचा कायदा त्याच्याच चिकाटीचे फळ आहे. गुरांच्या फुप्फुसांच्या साथीला आळा घालण्यासाठी १८८४ मध्ये पशुविभाग स्थापन झाला तोही लोरिंगच्याच कारकिर्दीत. याच विभागातील संशोधकांनी १८९३ मध्ये गुरांचा टेक्सास ताप गोचिडीमुळे पसरतो हे सिद्ध करून दाखविले; सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले ते त्यानंतर चार वर्षांनी. माणसे नेमण्याची आणि काम उभे करण्याची दृष्टी या आयुक्ताला होती, हे त्याच्या टीकाकारांनाही कबूल करावे लागेल. अमेरिकेच्या घराघरांतील ताटात काय वाढले जाते यावर त्याच्या चार वर्षांचा जेवढा परिणाम झाला, तेवढा लोवेलच्या सगळ्या कवितांचा झाला नाही.

त्याच्या खात्यात येणाऱ्या पत्रांचा महापूर मात्र निराळ्याच जातीचा होता. प्रतिनिधिगृहाचे सभासद आपापल्या मतदारांना सरकारी खर्चाने फुकट बियाण्यांच्या पुड्या वाटीत. या पुड्या पुरविणे हे खात्याचे एक मुख्य काम होऊन बसले होते. त्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यातून मागणीची पत्रे येत. वॉशिंग्टनच्या कचेरीत बसलेल्या साठीच्या वृद्धाला, एका कागदासाठी टपालवाल्याच्या हाती सेंट मोजण्याचे दिवस त्या ढिगाऱ्यापुढे कधी आठवले असतील काय?

१८८५ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा क्लीव्हलंड अध्यक्ष झाला. त्याने लोरिंगच्या जागी मिसूरीचा नॉर्मन कोलमन नेमला, आणि लंडनमधील वकिलातीतून लोवेललाही परत बोलाविले. गंमत अशी की लोवेलचे मन स्वतः क्लीव्हलंडकडे झुकलेले होते. दोघांचीही सरकारी सेवा एकाच वर्षी, एकाच माणसाच्या सहीने संपली. लोरिंगला मात्र आणखी एक संधी लाभली: १८८९ मध्ये हॅरिसनने त्याला पोर्तुगालचा वकील केले. एक वर्ष राहून तो परतला, आणि त्या अनुभवावर 'अ इयर इन पोर्तुगाल' हे पुस्तक १८९१ मध्ये प्रसिद्ध केले.

त्याच १८९१ मध्ये, १२ ऑगस्ट रोजी, केंब्रिज येथे एल्मवुड या आपल्या जन्मघरी लोवेल मरण पावला. सप्टेंबर महिन्यात सेलेम येथे लोरिंगही गेला.

दोन वर्षांनी चार्ल्स एलियट नॉर्टनने लोवेलच्या पत्रांचे दोन खंड काढले. नॉर्टन हा लोवेलचा उतारवयातील जिवलग. त्याने निवड केली, गाळागाळ केली, पण पहिल्या खंडाच्या आरंभीची पाने त्याला लोरिंगला लिहिलेल्या पत्रांनीच भरावी लागली, कारण त्या वर्षांचे कविमन दुसरीकडे फारसे सापडत नव्हते. त्या खंडात कॉन्कर्डच्या धुळीचा रस्ता आहे, इमर्सनची नक्कल करणारा थोरो आहे, वेब्स्टरचे भाषण ऐकून फिरलेला निश्चय आहे, आणि १८३८ च्या नोव्हेंबरातली ती कबुली आहे. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर छापले आहे: जी. बी. लोरिंग यांस.